कान नसलेले कप

बंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरातलं एक बैठं घर सध्या रिकामं होतंय. घरच्या मावशी आता पुण्याला, धाकट्या बहिणीच्या शेजारी, दोन खोल्यांत राहायला जाणार आहेत. काका गेले. कपाटं, फ्रिज, शिलाई मशीन, काकांची कामाची पुस्तकं, सगळ्याची सोय लागली. राहिला एक हलका लाकडी खोका. त्यात जपानमधल्या सेतो गावचे, हाताने घडवलेले, चहाचे दोन कप आहेत. मावशींनी ठरवलंय की ते ऑनलाइन विकायचे. जाहिरात करून द्यायचं काम भाच्याकडे, निखिलकडे आलं, आणि तिथेच गाडी अडली. निखिल इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी एका स्टुडिओत चाकावर मातीकाम करतो. हे कप विकणं त्याला मुळातच पटत नाही.

मी मावशींची शेजारीण. दोघांचं बोलणं माझ्यासमोरच झालं. घरातली वस्तू विकण्याबद्दल आपल्याकडे इतकं मोकळेपणाने कुणी बोलत नाही, म्हणून ते लिहून काढलं. मला राहवलं नाही तिथे मधे माझंही म्हणणं घातलं आहे.

निखिल : मावशी, पैशांची काही अडचण आहे का? स्पष्ट सांग.

मावशी : अडचण असती तर बांगड्या मोडल्या असत्या. दोन कपांनी कुणाची अडचण सुटते? पुण्याच्या घरात भिंतीतलं एकच फडताळ आहे. त्यात रोजची भांडी मावली तरी मिळवलं. हे नेले तर माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर गेलेली वस्तू माणूस गेल्यावरच खाली येते.

निखिल : मग कुणाला तरी दे. काकांना भेट मिळालेली वस्तू आहे ही. भेट काय बाजारात मांडायची?

ह्या भेटीची हकिगत अशी. किर्लोस्कर आणि टोयोटा ह्यांनी मिळून १९९७ मध्ये कंपनी काढली आणि म्हैसूर रस्त्यावर बिडदीत कारखाना उभा राहू लागला. १९९९च्या अखेरीस तिथून क्वालिस बाहेर पडायला लागली. त्याआधी, तिथे नोकरीला लागलेले काका जपानला काम शिकायला गेले होते. आइची प्रांतातलं टोयोटा शहर हे मोटारींचं गाव. पण त्याला लागूनच सेतो आहे, आणि सेतोत हजार वर्षांहून जास्त काळ भट्ट्या पेटताहेत. जपानच्या ज्या सहा प्राचीन भट्ट्यांची नावं घेतात, त्यांत मध्ययुगात भांड्यांना मुद्दाम झिलई देणारी सेतोची एकटीच होती. काकांना काम शिकवणारा मुकादम त्यांना एका रविवारी रेल्वेने सेतोला घेऊन गेला. परत निघायच्या वेळी त्यानेच हा खोका हातात ठेवला आणि म्हणाला, तुम्हा दोघांसाठी. एक कप किंचित मोठा, एक किंचित लहान, अशी नवराबायकोची जोडी लग्नात किंवा लग्नाच्या वाढदिवसाला देण्याची तिकडे रीत आहे.

मावशी : भेटींचं मला नको सांगूस. माझ्या लग्नात स्टीलचे डबे, ताटं, तांबे आले, सगळ्यांवर नावं घातलेली. भांड्यांच्या दुकानात ते कर्र करणारं यंत्र असतं ना, त्याने. देणाऱ्याचं नाव, माझं नाव, तारीख. नाव घातलेलं भांडं घरात राहायचं. बिननावाच्या चादरी, लेमन सेट, ब्लाऊजपीस ह्या लग्नातून त्या लग्नात फिरायचे आणि शेवटी कुठल्यातरी माळ्यावर कागदासकट सापडायचे. फुकट आलेलं फुकट पुढे जातं, वापरत कुणीच नाही. पैसे मोजणारा माणूस आधी विचारतो, मला हे हवं आहे का? तो विचार करणारा माणूस मला पाहिजे.

निखिल : तुझ्या त्या डब्यांवर करणाऱ्याचं नाव होतं का? तांबट आळीत ठोके मारून मारून बंब घडवायचे, घंगाळं घडवायचे. घेणाऱ्याचं नाव त्यावर यायचं, तांबटाचं कधी पाहिलंस? इथे बघ. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने सही आहे, खाली लाल शिक्का आहे. ज्याने माती मळली, चाकावर चढवली, त्याने हे माझं म्हणून सांगितलंय. म्हणून ही वस्तू डब्यासारखी नाही.

मावशी : वाचता येते का सही?

निखिल : भट्टीचं नाव लागलं. ऑफिसातल्या एका जपानी बाईंना फोटो दाखवला होता. कुंभाराचं नाव त्यांनाही नीट लागलं नाही.

मावशी : म्हणजे सही असून माणूस अनोळखीच.

निखिल : त्याने काय बिघडतं? माशिकोचे कुंभार हामादा शोजी एवढे मोठे, पण भांड्यावर सही करत नसत. खोक्यावर करत. भांडं हातात घेतलं की ओळखू यायला हवं, असं त्यांचं होतं. आणि हा खोकाही बघ ना. किरीचं लाकूड, कापसासारखं हलकं. आतलं पिवळं फडकं, ते मुळात हळदीने रंगवायचे, कीड लागू नये म्हणून. इतकी काळजी घेऊन बांधलेली वस्तू आपण जुन्या मिक्सरच्या आणि बाळाच्या पाळण्याच्या शेजारी टाकणार?

निखिलचं हे दुखणं मला कळतं. बंगळुरूत जुन्या सामानाचा बाजार चोवीस तास चालू असतो. नोकरीसाठी लोक येतात, दोन-तीन वर्षं राहतात, बदली होते, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर यादी पडते : गादी, टेबल, वॉशिंग मशीन, कुंड्या, सगळं रविवारच्या आत न्यावं. हौशी संग्राहकांना गाठायचा एक रस्ता ईबेचा होता. त्यांचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. आता ओएलएक्स, क्विकर, फेसबुकचा बाजार आणि इन्स्टाग्राम. तिथे कपांचा फोटो दोन बोटं वर सरकला की संपला. पण पाळण्याच्या शेजारी ठेवल्याने कपाची पत कमी होते, हे मात्र मला मान्य नाही. पाळणासुद्धा कुणीतरी जपून वापरलेला असतो.

मावशी : खरं सांगू? खोका पहिल्यांदा उघडला तेव्हा मला हे आवडले नव्हते. कान नसलेले कप. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, कान तुटलेला एक कप परसदारी कोनाड्यात ठेवलेला असायचा. शेतावरच्या गड्याचा. आजी त्यात वरून चहा ओतायची, हात लागू न देता. पिऊन झाल्यावर त्यानेच तो विसळायचा आणि पालथा घालायचा. लहानपणी वाटायचं, त्याचा कप वेगळा आहे एवढंच. कारण कळलं तेव्हा जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. म्हणून ह्या कपांतून कुणाला चहा द्यायला माझा हात धजेना. मग ह्यांनीच एका सकाळी त्यात चहा ओतून घेतला. आपला, आलं घातलेला, दुधाचा. दोन्ही हातांत धरून प्यायले आणि म्हणाले, तुझ्यासाठीही ओतलाय.

निखिल : तिकडे हिरवा चहा उकळत्या पाण्याचा नसतोच. पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर आलं की पानांवर ओततात. कप हाताला सोसला की चहा तोंडाला सोसतो, म्हणून कान लागत नाही.

मावशी : आपला चहा उकळताच. म्हणून आम्ही आधी वाट बघायचो. तेवढा वेळ बोलणं व्हायचं.

निखिल : आणि मोठा कप काकांचा.

मावशी : माझा. ह्यांना साखरेचा त्रास सुरू झाला, चहा कमी करायला सांगितला, तेव्हा लहान त्यांनी आपणहून घेतला. तो तसाच राहिला.

निखिल : हे सगळं ऐकल्यावर तू विकायचं कसं म्हणतेस, मला खरंच समजत नाही. मावशी, एक गोष्ट ऐक. जपानमध्ये एक चहाचा वाडगा आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेला. मूळचा कोरियातला. किझाएमोन नावाच्या व्यापाऱ्याकडे तो होता. आख्यायिका अशी की त्याचं दिवाळं निघालं, घरदार गेलं, लोकांची घोडी धरायची वेळ आली, अंगावर गळवं उठली, तरी त्याने वाडगा विकला नाही. गळ्यात पिशवी बांधून त्यात तो वागवायचा. तसाच मेला. आज त्या वाडग्याला त्याचंच नाव आहे.

मावशी : त्याच्याकडे तो आला कुठून?

निखिल : घेतला असेल कुणाकडून तरी.

मावशी : आणि त्याच्यानंतर?

निखिल : बऱ्याच हातांतून गेला. अठराव्या शतकात मात्सुदायरा फुमाई नावाच्या सरदाराने मोठी रक्कम मोजून घेतला. त्याच्या मुलालाही गळवं झाली म्हणून घरच्यांनी तो क्योतोच्या दाइतोकुजी मठातल्या कोहोआनला देऊन टाकला. अजून तिथेच आहे. लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु ह्यांनी १९३१ मध्ये तो पाहिला आणि लिहिलं की हा तर गरिबाघरचा रोजचा वाडगा, कुणीतरी फारसा विचार न करता केलेला, आणि म्हणूनच सुंदर.

मावशी : म्हणजे तो गरिबाच्या घरून बाहेर पडला म्हणून किझाएमोनला मिळाला, आणि किझाएमोनच्या गळ्यातून सुटला म्हणून तुझ्या यानागींना बघता आला. मधला एकच माणूस तू धरून बसलायस. आणि बाबा रे, वाडगा न विकता उपाशी मरणं हे मला काही कौतुकाचं वाटत नाही.

निखिल : मी कुठे म्हणतोय उपाशी मर? तू उपाशी नाहीस, तरी विकते आहेस.

मावशी : पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय तू पाहिलंयस. मीच नेलं होतं तुला. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमाराला जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, दरवाजे. वाडे मोडत होते, लोक पितळ मोडीच्या भावाने विकत होते, आणि हा माणूस दारोदार जाऊन घेत होता. गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं, आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. लोकांनी विकलं नसतं तर त्यांना मिळालं असतं का?

निखिल : यानागींनीही तेच केलं. क्योतोच्या सकाळच्या बाजारांत जुनी भांडी मांडून बसणाऱ्या बायकांकडून घेत हिंडायचे. १९३६ मध्ये तोक्योत लोककलेचं संग्रहालय उघडलं त्यात ती भांडी आहेत. पण मावशी, तुझा मुद्दा तुझ्यावरच उलटतो. तुला वापरणारा पाहिजे ना? ते अडकित्ते तर काचेआड गेले. आता त्यांनी सुपारी कोण कातरतं?

मावशी : ते काचेआड गेले नसते तर वितळले असते. ह्या कपांना वितळवायला कुणी नेत नाही. ह्यांना काच नको, चहा हवाय.

निखिल : मग आमच्या स्टुडिओत दे. फुकट नको वाटत तर नाममात्र घे. आमच्या बाई पाँडिचेरीला शिकल्या, १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ ह्यांनी सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीमध्ये. डेबोरा स्मिथ त्याआधी जपानला, बिझेनला शिकून आल्या होत्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९१९ मध्ये, सरदार गुरचरण सिंग मातीकाम शिकायला जपानला गेले आणि यानागी, हामादा आणि इंग्रज कुंभार लीच ह्यांना भेटून परतले. आपल्याकडे आज चाकावर बसून मग करणारा प्रत्येक जण त्या वाटेवरचा आहे. आमची मुलं हे कप हातात घेतील, उलटे करून बूड बघतील. बुडाशी माती उघडी असते, तिथेच कुंभाराचा हात कळतो.

मावशी : बघतील. पितील का?

निखिल : स्टुडिओत सगळ्यांचे हात मातीचे असतात.

मावशी : मग झालं तर.

इथे निखिल गप्प बसला आणि त्याने जाहिरातीचा मजकूर लिहायला घेतला. मला वाटलं, वाद मिटला. पण खरा वाद पुढेच होता. ठेवायचे की विकायचे हा प्रश्न त्यामानाने सोपा. विकताना वस्तूबद्दल काय बोलायचं, हा अवघड.

निखिल : ऐक. 'दुर्मिळ अँटिक जपानी टी सेट, मास्टर पॉटरच्या सहीसह, अमूल्य कलाकृती.'

मावशी : ह्यातलं खरं काय आहे?

निखिल : सही.

मावशी : बाकीचं कशाला मग?

निखिल : लोक हेच शब्द टाकून शोधतात. नुसतं 'जुने कप' लिहिलं तर कुणी उघडूनही बघणार नाही. म्हणूनच सांगत होतो. बाजारात उतरलीस की बाजाराच्या भाषेत बोलावं लागतं, आणि त्या भाषेत ह्या कपांबद्दल एकही खरी गोष्ट सांगता येत नाही. काका, चहा, बोलणं, सगळं जाऊन 'अमूल्य' उरतं. शिवाय अमूल्य लिहून खाली किंमत घालायची.

मावशी : बाजाराची भाषा कोण लिहितंय? तूच ना? मग खरं लिही.

निखिल : अँटिक तसंही काढायलाच हवं. १९७२च्या कायद्यात पुरावस्तू म्हणजे शंभर वर्षांवरची वस्तू, आणि तिच्या विक्रीला परवाना लागतो. हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे.

मावशी : 'दुर्मिळ' पण काढ. ह्यांनीच सांगितलं होतं, तिकडे जुन्या सामानाच्या दुकानांत असे खोके ढिगाने असतात. भेट आलेले, न उघडलेले.

निखिल : बंगळुरूत दुर्मिळ आहेत.

मावशी : बंगळुरूत फणसाची भाजी पण दुर्मिळ नाही आणि आपल्यासारखी मिळत पण नाही. तसं लिहायचं का? आण ते कप इकडे. माठ घेताना टिचकी मारून घेतो ना, तसं करू आधी.

मावशींनी मोठा कप डाव्या तळहातावर ठेवला आणि नखाने कडेला टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला, थोडा वेळ टिकला. लहानाचा आला तो बसका, लगेच विझणारा.

निखिल : नुसत्या आवाजावर जाऊ नकोस. ही राखेची झिलई आहे. लाकडाची राख मातीत कालवून लावतात, साडेबाराशे अंशांच्या आसपास ती वितळून काचेसारखी होते. बघ, आत तळाशी कशी हिरवट साचलीये, डबक्यासारखी. भट्टी थंड होताना ही झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पडतात. त्या रेघांमुळेही आवाज बसतो. तो दोष नाही. तिकडे तर चहा मुरून त्या रेघा रंगत जातात ह्याचं कौतुक असतं.

मावशी : ह्या आपल्या दुधाच्या चहाने रंगल्यात. मोठ्याच्या जास्त.

निखिलने खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च लहान कपाच्या आत धरला आणि कप हळूहळू फिरवला. कडेपासून नखाएवढी एक रेघ खाली आली होती. जाळ्यातल्या बाकीच्या रेघा आतल्या आत वळत होत्या. ही सरळ होती, आणि बाहेरच्या अंगालाही त्याच जागी दिसत होती.

निखिल : ही चीर आहे. आरपार गेलेली.

मावशी : मला कधी दिसली नाही.

निखिल : धुताना दिसणार नाही. पाणी गळत नाहीये अजून. मावशी, आता तर विकूच नको. चीर लिहिली की लोक निम्म्याने मागणार. नाही लिहिली तर फसवणूक. तिकडे झाडाच्या चिकाने सांधून वरून सोन्याची पूड लावतात, मी शिकून करतो हवं तर.

मावशी : सोनं लावलं की लोक सोन्याचे पैसे देतील, कपाचे नाही. चीर लिही. कुठे आहे, केवढी आहे, ते लिही. टॉर्च लावून फोटो काढ आणि तोच पहिला घाल.

निखिल : पहिला? आधी चांगला फोटो घालतात ग.

मावशी : आधी चीर बघून जो पुढे बघेल, तोच घ्यायला येईल. बाकीच्यांनी माझा वेळ घेऊ नये.

मला ह्या क्षणी मावशींचं म्हणणं पूर्णपणे पटलं. भेट विकावी की नाही ह्यावर मी दोन्हीकडून बोलू शकेन. निखिलचं एक म्हणणं तर अजून मनात आहे : किंमत एकदा चारचौघांत लिहिली गेली की घरच्या माणसांनाही त्या वस्तूबरोबर तो आकडा आठवायला लागतो. हे नुकसान खरं आहे. पण तिऱ्हाईत माणसाला आपल्या वस्तूची चीर आपण होऊन दाखवणं, त्याला ती न विचारता सांगणं, ह्यात त्या वस्तूचा जेवढा मान राहतो तेवढा ती खोक्यात बांधून ठेवण्यात राहत नाही. सेतोच्या त्या कुंभाराने झाकणावर सही केली ती ह्याच भावनेने केली असणार, ह्या भांड्याचं जे काही आहे त्याला मी जबाबदार आहे म्हणून. आता तो जबाबदारीचा भाग विकणाऱ्याकडे आला आहे.

मग बाकीची बोलणी झाली ती भराभर. पैसे कसे घ्यायचे, ह्यावर निखिलने मावशींना दोनदा बजावलं : कुणी म्हणेल मी सैन्यात आहे, सामान न्यायला माणूस पाठवतो, तुम्हाला पैसे यावेत म्हणून हा क्यूआर स्कॅन करा, तर फोन ठेवायचा. पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. गेलेच तर लगेच १९३०ला फोन. कुरिअरने मुंबईलाही पाठवता येईल, खोक्याबाहेर दुसरा खोका, मधे चार बोटं भुसा, असं तो म्हणाला. मावशींनी ते मोडून काढलं. चीर असलेला कप धक्के खात कुठे पाठवायचा नाही. घेणाऱ्याने घरी यावं, हाताळून बघावं, हवा तर त्यातच चहा प्यावा.

निखिल : किंमत सहा हजार लिहू? इथे नवशिक्याचा हाताने केलेला मग हजाराला जातो. हे सेतोचे आहेत, खोक्यासह आहेत.

मावशी : चीर आहे. तीन.

निखिल : तीन? मावशी, एवढ्यात दोघांचं धड जेवण होत नाही हॉटेलात.

मावशी : नवीन लग्न झालेल्या मुलांना परवडायला नको?

निखिल : मग मीच सहा देतो. आत्ता देतो. जाहिरात नकोच.

मावशी : बाहेरच्याला तीन आणि तुला सहा, हा कुठला न्याय? घेणार असशील तर तीनलाच घे. पण रोज वापरायचे. दोन्ही.

निखिल : मी एकटा राहतो, दोन काय करू? मोठा मी घेतो. लहान तसाही चिरलेला आहे, तो तू आठवण म्हणून ने. काकांचाच तो.

मावशी : जोडी फोडायची नाही. त्या माणसाने दोघांसाठी दिली होती, दोघांनी वापरली, दोघांकडेच जाईल. तू मगाचपासून भेटीची आठवण करून देतोयस ना मला? मग भेट देणारा काय म्हणाला होता, ते तरी ऐक.

निखिलने ह्यावर उत्तर दिलं नाही. मला वाटतं, त्याला उत्तर सापडलं नव्हतं एवढंच. पटलं होतं असं मी म्हणणार नाही. जाताना तो म्हणालाच, महिनाभरात कुणी आलं नाही तर मी पुन्हा विचारीन. मावशी म्हणाल्या, विचार, पण तेव्हाही दोन्हींचंच विचार. मजकूर दोघांनी मिळून पुरा केला आणि त्याच संध्याकाळी टाकला. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये टाकला. मराठीत मावशींनी वहीत लिहिला होता, तो असा :

'सेतो, जपान येथील हाताने घडवलेले चहाचे दोन कप, एक मोठा, एक लहान. १९९८ साली भेट मिळालेले. मूळ लाकडी खोका, पिवळे फडके आणि दोरीसह. खोक्यावर भट्टीचे नाव व कुंभाराची सही आहे, कुंभार कोण ते समजलेले नाही. राखेची हिरवट झिलई. झिलईवरच्या बारीक रेघा मूळच्या आहेत, त्या दुधाच्या चहाने तपकिरी झाल्या आहेत. लहान कपाला कडेपासून नखाएवढी आरपार चीर आहे, फोटो पाहावा. आजपर्यंत गळत नाही, पुढचे सांगता येत नाही. रोजच्या वापरात होते. जोडी फोडून मिळणार नाही. राजराजेश्वरीनगर येथे येऊन, पाहून न्यावेत. तीन हजार रुपये. घासाघीस नको.'